वाचक विचारतात : लुआंग्वाकाठच्या म्हशी

गेल्या अंकात झांबियातल्या लुआंग्वा नदीकाठच्या रानम्हशींची माझी बारा छायाचित्रं छापून आली. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. नव्या वाचकांसाठी ओळख म्हणून एवढंच सांगते, की मी पशुवैद्य आहे. नोकरी सगळी कोल्हापूर-सांगलीकडच्या सरकारी दवाखान्यांत झाली आणि कॅमेरा हातात आला तो निवृत्तीनंतर. माहेरी पंढरपुरी म्हशी होत्या. मी पहिली पावलं टाकली ती गोठ्यातल्या गव्हाणीला धरून, असं आई सांगायची. आफ्रिकेत सगळ्या गाड्या सिंहामागे जातात, माझी म्हशींपाशी थांबते, त्याचं कारण तिथपासूनचं आहे.

फोटोतला प्राणी म्हणजे आपल्या दाजीपूरचा गवाच ना? की आपल्या म्हशीचीच रानटी जात? — एक वाचक, सांगली

दोन्ही नाही. गवा गाईच्या गोत्यातला. गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय आणि पाठीवर उठलेला उंचवटा दिसला की तो गवा. आपली गोठ्यातली म्हैस आशियातल्या रानम्हशीपासून आली. आफ्रिकेतली म्हैस या दोघींपासून फार पूर्वी वेगळी झालेली आहे. मुऱ्हा किंवा पंढरपुरीच्या पेशीत ५० गुणसूत्रं असतात, आफ्रिकन म्हशीच्या पेशीत ५२. त्यांचा आपसात संकर होत नाही आणि आफ्रिकन म्हैस माणसाने कधी दावणीला बांधलेली नाही.

फोटो काढणाऱ्याने आधी शिंगं पाहायला शिकावं. आपल्या पंढरपुरीची शिंगं तलवारीसारखी मागे जातात, थेट खांद्यापर्यंत. आफ्रिकन नराची शिंगं बुडाशी इतकी रुंद होतात की वयात आल्यावर दोन्ही कपाळावर भिडून एक जाड टोप तयार होतो. तिथले वाटाडे त्याला ‘बॉस’ म्हणतात. कोवळ्या नराच्या टोपात मध्ये केसांची फट दिसते. तो पुरता टणक व्हायला सात-आठ वर्षं लागतात. मादीची शिंगं बारीक, आणि तिच्या कपाळावर केस असतात. गेल्या अंकात एका छायाचित्राखाली ‘रानरेडे’ असं छापलं गेलं. ती ओळ मीच लिहून दिली होती आणि ती चुकीची आहे. त्यात पुढे उभ्या असलेल्या तिन्ही माद्या आहेत. एवढी वर्षं जनावरांत काढूनही हे झालं, म्हणून इथे दुरुस्त करते.

मी केनियात म्हशींचे तीनेकशे फोटो काढले. सगळ्यांत नुसता काळा डाग. डोळे दिसतच नाहीत. कॅमेरा बदलावा का? — एक हौशी छायाचित्रकार, नाशिक

कॅमेरा बदलू नका. डोळे दिसत नाहीत, हे दुःख मलाही पहिल्या दोन्ही फेऱ्यांत झालं होतं.

कॅमेऱ्याला समोरचं जनावर काळं आहे हे कळत नाही. तो सगळं मध्यम राखाडी करायला बघतो. चौकट म्हशींनी गच्च भरली असेल तर तो उजेड वाढवतो, मग म्हैस धुरकट, करड्या घोंगडीसारखी दिसते. तिथे एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घ्यायच्या उजेडाचं माप, पाऊण ते एक स्टॉपने (स्टॉप हे त्या मापाचं एकक) खाली आणावं लागतं. उलट म्हैस लहान आणि मागे दुपारची चकाकती नदी असेल तर कॅमेरा नदीला भुलून सगळंच काळं करतो. तुमचे काळे डाग बहुतेक इथूनच आले असावेत. तिथे एक्स्पोजर वर न्यायचं आणि नदी थोडी पांढरी पडली तर पडू द्यायची. एकच जनावर, पण पाण्यात उतरलं की एक हिशेब आणि काठावर चढलं की दुसरा. त्यात तिच्याभोवती गायबगळे असले तर बगळ्याचं पीस सांभाळावं की म्हशीचं कातडं, हे बटण दाबण्याआधी ठरवावं लागतं. मी कातडं सांभाळते. फोटो रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ स्वरूपात घ्या, म्हणजे अंधारातलं थोडं नंतर वर काढता येतं.

पण खरा उपाय उजेडाच्या दिशेत आहे. म्हशीचा डोळा कपाळाच्या कंगोऱ्याखाली, बाजूला बसलेला असतो आणि वर शिंगाची सावली पडते. सूर्य डोक्यावर असताना तिथे उजेड पोचतच नाही. सप्टेंबरात लुआंग्वावर सकाळी सहा ते साडेसात आणि संध्याकाळी पाच ते सूर्य बुडेपर्यंत, एवढाच वेळ उजेड आडवा येतो आणि शिंगाखाली शिरतो. डोळ्यात एक ठिपक्याएवढी चमक आली की सगळा चेहरा जागा होतो. ढगाळ दिवस असेल तर दुपारही चालते.

चिखलाचीही मदत घ्या. सुकलेला चिखल राखाडी असतो, त्यावर सुरकुत्या आणि केस स्पष्ट उठतात. नुकती पाण्यातून निघालेली म्हैस आरशासारखी आभाळ अंगावर घेते, तिच्या पाठीवर निळसर रेघ येते. गेल्या अंकातलं पहिलं छायाचित्र तसं आहे. ती निळाई संगणकावर चढवली का, असं दोघांनी विचारलंय. नाही, ते आभाळच आहे.

चार-पाचशेचा कळप नदीवर नेमका कुठे उतरणार हे तुम्हाला आधी कसं कळतं? नशीब की वाटाड्या? — एक वाचक, पुणे

वाटाड्या, वारा आणि म्हशी स्वतः.

आधी जागा समजून घ्या. दक्षिण लुआंग्वा राष्ट्रीय उद्यान ९,०५० चौरस किलोमीटरचं, १९७२ साली जाहीर झालेलं. नदीवर वरच्या अंगाला मोठं धरण नाही. पावसाळ्यात ती फुगते, वळणं कापते, जुनं पात्र मागे टाकून नवं करते. टाकलेल्या पात्रांची अर्धचंद्राकृती तळी होतात. मे उजाडल्यावर रान सुकायला लागतं, तळी आटत जातात आणि ऑक्टोबरपर्यंत सगळ्यांना मुख्य नदीवाचून गत्यंतर उरत नाही. म्हशीला रोज पाणी लागतं. नदीचे काठ मात्र बऱ्याच ठिकाणी उभे तुटलेले आहेत. त्या कड्यांत सप्टेंबरात किरमिजी वेडे राघू हजारोंनी बिळं करतात. म्हशींना उतार हवा असतो, आणि उतार मोजकेच असतात. उद्यानातल्या एन्सेफू भागात फिरताना मी आधी काठावरची खुरांची दाटी बघते. ताजं शेण, तुडवलेला चिखल आणि त्याच वाटेवर दुसऱ्या दिवशीचेही ठसे दिसले की तो उतार लक्षात ठेवते.

आता म्हशींचं. हर्बर्ट प्रिन्स या डच संशोधकाने टांझानियात मन्यारा सरोवराकाठी म्हशींचा अनेक वर्षं अभ्यास केला. दुपारी कळप रवंथ करत बसलेला असतो. निघायच्या आधी प्रौढ माद्या एकेक करून उठतात, एका दिशेला तोंड करून क्षणभर उभ्या राहतात आणि परत बसतात. नर उठला तर त्याने काही ठरत नाही. बहुतेक माद्यांची तोंडं जिकडे, त्याच्या मध्यावरची दिशा धरून संध्याकाळी सगळा कळप निघतो. मतं फारच फाटली तर कळपही त्या रात्रीपुरता फुटतो.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या गोठ्यातली थोरली म्हैस आठवली. ती उठल्याशिवाय बाकीच्या चरायला निघायच्या नाहीत. प्रिन्स यांनी तेच रानात, मोजून, वर्षानुवर्षं टिपून दाखवलं. तेव्हापासून दुपारी दोनच्या उन्हात, जेव्हा बाकीच्या गाड्या तळावर परततात, मी कळपापासून दीडशे पावलांवर सावली बघून थांबते आणि उठणाऱ्या माद्या वहीत टिपते. कोण उठली, कुठे बघितलं, किती वेळ. तासाभरात अंदाज येतो. मग वाटाड्याला सांगून आधीच्या उताराच्या समोर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला जाऊन बसायचं. माझा अंदाज दर वेळी बरोबर येत नाही. पण आला की कळप तुमच्याकडे आपणहून येतो, बुजलेला नसतो, आणि चेहरे समोरून मिळतात. मागून गाडी लावली की फक्त पुठ्ठे मिळतात.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी. माझ्या पहिल्या फेरीत कळप उताराला लागला होता आणि मला धूळ पाठीमागून उजळलेली हवी होती. मी गाडी थोडी पुढे घ्यायला सांगितली, वाटाडा नको म्हणत असताना दुसऱ्यांदा सांगितली. गाडी कळपाच्या वाटेत आली. पुढच्या म्हशी पाण्याकडे गेल्या, मागच्या वळून रानात पळाल्या, आणि तपकिरी रंगाचं एक लहान रेडकू मध्ये एकटं राहिलं. ते ओरडत होतं. म्हशीच्या रेडकाचं ओरडणं मला लहानपणापासून माहीत आहे, ते ऐकून माझे हात गार पडले. तिथे रात्री सिंह असतात. वीसेक मिनिटांनी रानातून चार माद्या परत आल्या, एकीने त्याला हुंगलं आणि ते तिच्या कासेला लागलं. मी त्यातला एकही फोटो कधी कोणाला दाखवला नाही. तेव्हापासून गाडी कुठे उभी करायची हे वाटाडा ठरवतो.

आफ्रिकेतली म्हैस सिंहापेक्षाही घातकी, माणसावर डूख धरते असं वाचलं. तुम्ही तिथे पायी फिरलात हे खरं का? भीती नाही वाटली? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

पायी फिरले हे खरं. लुआंग्वाच्या खोऱ्यातच नॉर्मन कार यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर पाहुण्यांना पायी रान दाखवायची पद्धत सुरू केली आणि तिथे ती अजून जपली जाते. पुढे वन्यजीव विभागाचा बंदूकधारी रक्षक, त्याच्यामागे वाटाडा, मग आपण एकामागोमाग एक. बोलायचं नाही, रांग मोडायची नाही.

भीती वाटते आणि वाटावीच. पूर्ण वाढलेला नर सातशे-आठशे किलोंचा असतो. पण ‘घातकी’ हा शब्द मला टोचतो. तो शब्द बंदूक घेऊन गेलेल्या लोकांनी रूढ केला. जखमी करून सोडलेलं जनावर दाट झुडपात लपतं आणि मागावर आलेल्यावर उलटतं. यात डूख कसला? माझ्या दवाखान्यात गळू फोडताना लाथ मारणाऱ्या म्हशीला कोणी घातकी म्हटलं नाही.

धोका असतो तो म्हाताऱ्या नरांचा. वय झालं की नर मोठा कळप सोडतात. कधी एकटे, कधी तीन-चार मिळून नदीकाठच्या चिखलात लोळत पडतात. तिथे त्यांना ‘डग्गा बॉय’ म्हणतात. डग्गा म्हणजे चिखल. त्यांच्याभोवती आता शंभर जोडी कान-नाकं नसतात. सिंहाला तेच सापडतात. असा जीव झुडपात निजलेला असताना तुम्ही दहा पावलांवर उगवलात तर पळून जाण्यापेक्षा अंगावर येणं त्याला भरवशाचं वाटतं.

तिसऱ्या फेरीत एका सकाळी मोपाने नावाच्या झाडांच्या रानातून चाललो होतो. पुढच्या झुडपातून पाखरांचा फुत्कारल्यासारखा आवाज आला आणि रक्षकाचा हात वर गेला. वाटाड्या कुजबुजला, “न्जाती.” न्यांजा भाषेत न्जाती म्हणजे म्हैस. गोचीड खाणारी पाखरं उडाली की खाली मोठं जनावर आहे असं समजायचं. आम्ही एका मोठ्या वारुळाच्या आड गेलो. साठेक पावलांवर एक नर चिखलातून उठला. एका शिंगाचं टोक तुटलेलं, चेहऱ्यावरचे केस झडून कातडं भेगाळलेलं, एक कान फाटून दोन झालेले. त्याने नाक वर केलं. म्हैस नाकाड वर करून आपल्याकडे बघते तेव्हा लोकांना तो उर्मटपणा वाटतो. ती वास घेत असते. वारा आमच्याकडे येत होता, त्याला काही लागलं नाही. मी दोनच फोटो काढले. तो हळूहळू फिरला, मागच्या उजव्या पायाने लंगडत नदीकडे गेला. खुराला जखम असावी. त्याचा चेहरा गेल्या अंकात शेवटच्या पानावर आहे.

म्हशीच्या अंगावर बसलेली ती लाल चोचीची पाखरं तिला त्रास देतात की सेवा करतात? — आठवीतली एक विद्यार्थिनी, ठाणे

दोन्ही! ती गोचीड खातात, कान साफ करतात, आणि धोका दिसला की ओरडून उडतात. पण गोचिडाने प्यायलेलं रक्त त्यांना आवडतं, म्हणून म्हशीला जखम असेल तर ती टोकरून उघडीही ठेवतात. लुआंग्वात दोन जाती दिसतात. एकीची चोच पूर्ण लाल आणि डोळ्याभोवती पिवळं कडं. दुसरीची चोच बुडाशी पिवळी, टोकाला लाल. पुढच्या वेळी अंक उघडशील तेव्हा सातव्या छायाचित्रात दोन्ही शोध. मी मोजले तेव्हा एका म्हशीवर नऊ होती.

तुम्ही डॉक्टर आहात. रानातल्या जनावरांना रोग होत नाहीत का? त्यांना कोण बघतं? — एक पशुपालक, लातूर

दादा, हा प्रश्न मला फार जवळचा आहे.

बुळकांडी तुम्ही पाहिली नसेल, तुमच्या वडिलांनी पाहिली असेल. ताप, तोंड सोललेलं, डोळ्यांतून-नाकातून पाणी, आणि मग पिचकारीसारखी हगवण. आठवड्यात गोठा रिकामा. मी नोकरीला लागले तेव्हा एका वाडीत अशी सात जनावरं एका खड्ड्यात पुरताना उभी होते. तो रोग आफ्रिकेत १८८०च्या दशकाच्या शेवटी बाहेरून आणलेल्या गुरांबरोबर इरिट्रियाच्या किनाऱ्यावर उतरला आणि १८९६ साली झांबेझी नदी ओलांडून दक्षिणेत शिरला. गुरं तर मेलीच, गुराख्यांच्या जमातीच्या जमाती उपाशी मेल्या, आणि रानम्हशी इतक्या मेल्या की कित्येक ठिकाणी एकही उरली नाही. आज लुआंग्वावर दिसणारे कळप त्यातून वाचलेल्या थोड्यांचे वंशज आहेत. लस टोचून टोचून हा रोग जगातून गेला. भारत २००६ साली बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ साली सगळं जग. माणसाने पूर्णपणे संपवलेला देवीनंतरचा हा दुसराच रोग. वाड्या-वस्त्यांवर बर्फाचा डबा घेऊन टोचायला हिंडलेल्यांत मीही होते. लुआंग्वाकाठी चारशे म्हशी पाणी पिताना बघते तेव्हा मला तो डबा आठवतो.

लाळ्या-खुरकूत मात्र तिथे आहे. रानम्हशीच्या घशात त्याचा विषाणू काही वर्षं राहतो, तिला स्वतःला फारसं काही होत नाही, पण गाईंना लागण होऊ शकते. बोट्सवानात त्यासाठी १९५०च्या दशकापासून शेकडो किलोमीटरची कुंपणं घातली, आणि त्या कुंपणांना अडून कोरड्या वर्षांत रानातली जनावरं तहानेने मेली. लुआंग्वाच्या खोऱ्यात ही वेळ फारशी आली नाही, कारण त्सेत्से माशीमुळे तिथे गुरं पाळणंच कठीण. ती माशी जो रोग देते तो आपल्याकडच्या सर्रा या जनावरांच्या रोगाचा भाऊबंद. रानम्हैस तो सोसते, गाय सोसत नाही. गुराख्याला ज्या माशीचा जाच, तिनेच हे रान राखलं.

आमच्या जिल्ह्यातल्या रानम्हशींचे फोटो काढायला कधी येणार? — एक वाचक, सिरोंचा, गडचिरोली

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. कोलामार्काच्या रानात आशियाई रानम्हशी आहेत हे कित्येकांना ठाऊक नाही. आपल्या गोठ्यातल्या म्हशीची मूळ जात ती. मध्य भारतात आता इंद्रावती नदीच्या दोन्ही अंगांना हाताच्या बोटांवर यावेत असेच त्यांचे लहान-लहान कळप उरलेत आणि गावच्या म्हशींशी संकर होऊन त्यांचं रक्त पातळ होण्याची भीती वेगळीच. लुआंग्वात माझ्या चुकीने चारशेचा कळप फुटला, तो रात्रीत सावरला. आठ-दहांचा कळप बुजला तर कुठे जाईल? म्हणून मी कॅमेरा घेऊन येणार नाही. गावच्या जनावरांना लस टोचायची मोहीम निघाली आणि निवृत्त माणसं चालणार असली तर मात्र जरूर कळवा. ती माझ्याच्याने होईल.

जायचं कधी, न्यायचं काय? — तीन-चार पत्रांत हाच प्रश्न, म्हणून एकत्र

ऑगस्टचा शेवट ते ऑक्टोबर. ऑक्टोबरात उन्हाळा कडक असतो, पण मोठे कळप तेव्हाच काठावर येतात. मुंबईहून अदिस अबाबामार्गे लुसाका, तिथून लहान विमानाने उद्यानाजवळचं म्फुवे. लहान विमानात वजनाची मर्यादा कडक असते आणि सामान मऊ पिशवीतच लागतं. गाडीतून फोटोला ५०० मिलिमीटरपर्यंतची लेन्स पुरते, पायी जाताना १००-४०० बरी. त्याहून जड काही गळ्यात घेऊन वाकून चालता येत नाही. धुळीत लेन्स बदलू नका. निळे-काळे कपडे नकोत, त्सेत्से माशी त्या रंगांवर येते. तिला पकडायचे सापळेसुद्धा निळ्या-काळ्या कापडाचेच असतात. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या. तिवई नेऊ नका, गाडीच्या कठड्यावर ठेवायला कापडी उशी न्या. ती इथून रिकामी न्यायची आणि तिथे मका भरून घ्यायचा. निघताना तो मका स्वयंपाकघरात देऊन यायचा.